तुलूजचे कौंट : एका राजघराण्याचा उदय आणि अस्त

फ्रान्सच्या दक्षिण भागांत, गारोन नदीच्या कांठीं, तुलूज नांवाचें एक पुरातन शहर आहे. तेथील नगरभवनास आजहि ‘कॅपितोल’ म्हणतात; मध्ययुगांत नगराचा कारभार पाहणाऱ्या नागरिकसभेची आठवण त्या नांवांत टिकून आहे. मात्र ज्या कौंटांनीं या नगरावर चार शतकें राज्य केलें, त्यांचा किल्ला आतां उभा नाहीं. एवढें बलाढ्य घराणें लयास कां गेलें, याची हकीकत मोठी उद्बोधक आहे.

कौंट हा मुळांत राजा नव्हे. शार्लमेन बादशहाच्या काळीं न्याय देणें, वसूल जमविणें आणि युद्धप्रसंगीं फौज घेऊन हजर होणें ही कामें करणारा तो एक सरकारी अधिकारी होता. बादशहाच्या मर्जीनें त्यास नेमीत व काढीत. परंतु नवव्या शतकांत बादशाही खिळखिळी झाली आणि हे अधिकार वंशपरंपरेनें चालूं लागले. मोंगल सत्ता दुबळी होतांच आपल्याकडील सुभेदार जसे आपापल्या सुभ्यांचे धनी बनले, तसाच हा प्रकार होय. तुलूजचा अधिकार त्या शतकाच्या मध्यास ज्या घराण्याकडे आला, त्यांत रेमंड हें नांव इतक्या वेळां येतें कीं, इतिहासकारांस त्यांस क्रमांक द्यावे लागले.

या घराण्यास खरें तेज चढलें तें चौथ्या रेमंडमुळें. १०९६ सालीं पहिल्या धर्मयुद्धासाठीं मोठी फौज घेऊन तो पूर्वेकडे निघाला. १०९९ त जेरुसलेम ख्रिस्ती सैन्याच्या हातीं आलें, तेव्हां तो प्रमुख सेनानींपैकीं एक होता. ११०५ सालीं त्रिपोली शहरास वेढा चालू असतांच तो वारला; ११०९ त तें शहर जिंकलें गेल्यावर त्याच्या वंशजांची तेथें एक निराळी सत्ता स्थापन झाली. इकडे मायदेशीं व्यापार वाढला, ऑक्सितान भाषेंतील कवींस दरबारीं मान मिळूं लागला आणि नगराचे लोकनियुक्त कारभारी कौंटाकडून एकेक हक्क मिळवूं लागले. ११८९ त पांचव्या रेमंडला त्यांच्यापुढें बरेंच नमावें लागलें.

या वैभवाच्या मुळाशीं एक दुबळेपणा होता. बेझिये व कार्कासोन येथील मांडलिक आपल्या धन्यापेक्षां शेजारच्या आरागॉनच्या राजाकडे अधिक पाहत. ११५९ सालीं इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीनें तुलूजला वेढा दिला. फ्रान्सचा राजा सातवा लुई स्वतः नगरांत येऊन राहिला म्हणूनच तो उठला. म्हणजे कौंटाचें राज्य विस्तीर्ण होतें, पण तें एकजीव नव्हतें.

अशा स्थितींत धर्माचा प्रश्न पुढें आला. या प्रदेशांत कॅथर नांवाचा पंथ रुजला होता. सद् व असद् अशीं दोन तत्त्वें हा पंथ मानी. त्याचे दीक्षित स्त्रीपुरुष मांसाहार वर्ज्य करीत व शपथ घेत नसत. रोमच्या धर्मपीठास हें पाखंड वाटलें. सहावा रेमंड स्वतः कॅथलिक. पण शेजारीपाजारीं व नातलगांत पसरलेल्या या लोकांवर शस्त्र धरण्यास तो राजी होईना. ज्यू लोकांसहि त्यानें अधिकाराच्या जागा दिल्या होत्या. १२०८ च्या जानेवारींत पोपच्या प्रतिनिधीचा खून झाला आणि संशय रेमंडवर आला. पोपनें धर्मयुद्ध पुकारलें. १२०९ च्या जूनमध्यें रेमंडनें सें-झील येथील चर्चपुढें उघड्या अंगावर फटके सोसून प्रायश्चित्त घेतलें आणि तो स्वतःच त्या फौजेंत सामील झाला. फौज वळली ती त्याच्याच भाच्याच्या मुलुखावर. २२ जुलै रोजीं बेझिये शहरांत कत्तल झाली. मृतांचा तेव्हां कळविलेला सुमारें २०,००० हा आंकडा फुगविलेला असेल. पण तरवारीनें पाखंडी आणि श्रद्धावान असा भेद केला नाहीं, हें खरें.

शरण जाऊनहि रेमंडचें राज्य वांचलें नाहीं. १२१३ त म्यूरेच्या लढाईंत त्याचा मेहुणा, आरागॉनचा राजा पेद्रो, पडला. १२१५ च्या धर्मपरिषदेनें तुलूज उत्तरेकडील सरदार सायमन द माँफोर यास दिलें. मग मात्र नागरिकच उठले. १२१७ त त्यांनीं आपल्या वृद्ध कौंटास परत आंत घेतलें. पुढच्या वर्षीं २५ जून रोजीं तटावरील यंत्रांतून सुटलेला धोंडा लागून माँफोर ठार झाला. तें यंत्र स्त्रिया चालवीत होत्या असें तत्कालीन काव्यांत वर्णन आहे.

रणांगणावर परत मिळविलेलें राज्य अखेर एका विवाहाच्या कलमानें गेलें. फ्रान्सचा राजा नववा लुई तेव्हां लहान होता व त्याची माता ब्लांश कारभार पाही. ती सातव्या रेमंडची सख्खी मावसबहीण. १२२९ च्या तहानें रेमंडनें तुलूजचे तट पाडण्याचें कबूल केलें, तेथील नव्या विद्यापीठाचा खर्च पत्करला आणि आपली एकुलती कन्या जान राजाच्या भावास, आल्फाँसला, देऊं केली. त्यांस अपत्य न झाल्यास राज्य राजाकडे जावें, असें ठरलें. त्या वेळीं मुलगी अवघी नऊ वर्षांची होती; तिला फ्रेंच दरबारीं पाठविण्यांत आलें. पुत्रलाभासाठीं पुन्हा विवाह करण्याचे रेमंडचे प्रयत्न फसले. १२४४ त माँसेग्यूर किल्ल्याच्या पायथ्याशीं दोनशेंहून अधिक कॅथर जिवंत जाळले गेले. १२४९ त, स्वतःच्या मृत्यूच्या वर्षीं, सातव्या रेमंडनेंहि आजाँजवळ सुमारें ऐंशीं जणांस जाळविलें. ज्या प्रजेस वांचवितांना बापानें राज्य धोक्यांत घातलें, तिलाच मुलानें आगींत लोटलें! १२७१ च्या ऑगस्टमध्यें ट्यूनिसच्या मोहिमेवरून परततांना आल्फाँस व जान हीं दोघेंहि चार दिवसांच्या अंतरानें इटलींत निपुत्रिक वारलीं आणि तुलूज फ्रान्सच्या राजाकडे गेलें.

या घराण्यास शौर्याची वाण नव्हती. सहाव्या रेमंडचें दुर्दैव असें कीं, त्याला प्रजेचें पुरतें रक्षणहि करवेना आणि तिचा त्यागहि करवेना. आणि राज्याचें भवितव्य ज्या वंशसूत्रास बांधलें होतें तें एका मुलीपाशीं येऊन तुटलें. उलट नागरिकांनीं स्वतः उभारलेली सभा कौंटांमागें पांच शतकें, १७८९ च्या राज्यक्रांतीपर्यंत, टिकली. १३२३ सालीं तुलूजच्या सात रसिकांनीं ऑक्सितान काव्याच्या उत्तेजनार्थ मंडळ काढलें. तिच्याच प्रोव्हान्सी बोलींत लिहिणाऱ्या मिस्त्राल कवीस १९०४ त नोबेल पारितोषिकाचा बहुमान मिळाला. कौंटांच्या निशाणावरील क्रूस आज तेथील प्रांताच्या चिन्हांत दिसतो. तो तेथें आहे याचें श्रेय, त्या घराण्यापेक्षां, त्याची आठवण जपणाऱ्या लोकांस अधिक आहे.