मांजर शेपटी आपटतं तेव्हा

कुत्र्याची शेपटी हलली की तो खूश, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की आपण मांजरालाही तोच नियम लावतो आणि मुलांचे हात ओरबाडले जातात. मांजराने शेपटी सपासप आपटली, कान मागे दाबले, पाठीची कातडी थरथरली, की हात काढून घ्यावा. पोट दाखवून लोळणं म्हणजे विश्वास. पोट चोळायचं आमंत्रण नव्हे! शेपटी ताठ उभी ठेवून जवळ आलं, डोळे सावकाश मिटले, तर ते खुशीत आहे. घुरघुर मात्र फसवी. दुखत असतानाही मांजर घुरघुरतं.

चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. हळद लावून भागवू नये. रेबीज मांजरापासूनही होतो.