छप्पर गेले, म्हणून चर्च गेले?

रविवारी सकाळी वसईच्या किल्ल्यात गेलात, तर एक दृश्य हमखास दिसते. छप्पर नसलेल्या एखाद्या चर्चच्या कमानीखाली लग्न ठरलेले जोडपे कॅमेऱ्यासमोर उभे असते. छायाचित्रकार सांगतो, ‘अजून थोडे मागे.’ आणि मुलीचे पाऊल पडते ते नेमके थडग्याच्या शिळेवर. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज अक्षरांच्या अशा कितीतरी शिळा आहेत. तिच्या मनात काही वाईट नसते. पण पाहणाऱ्या एखाद्या वसईकर ख्रिस्ती आजोबांच्या काळजात चर्र होते. मग शब्दाला शब्द लागतो. ‘किल्ला सर्वांचा आहे’ असे एक म्हणतो, ‘हे आमचे देवाचे घर’ असे दुसरा.

दोघांचेही खरे आहे, हीच तर अडचण! १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि किल्ल्यात फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन पंथीयांची चर्च उभी राहिली. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला जिंकला. पुढे छपरे गेली, भिंती उरल्या. आज हे संरक्षित स्मारक पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. म्हणजे ते इतिहासप्रेमींचेही, भाविकांचेही.

अशा वेळी कायदा काय म्हणतो? १९५८चा प्राचीन स्मारकांचा कायदा सांगतो, की प्रार्थनास्थळ असलेल्या संरक्षित स्मारकाचा वापर त्याच्या स्वरूपाशी विसंगत कामासाठी होऊ नये. १९५९च्या नियमांनुसार स्मारकात मेजवानी वा करमणुकीचा कार्यक्रम करायचा, तर लेखी परवानगी लागते. रूढ धार्मिक प्रथेला मात्र सूट आहे. पण पडके चर्च प्रार्थनास्थळ मानायचे का? वादाचे मूळ इथेच आहे.

नांदत्या चर्चपुढेही हा प्रश्न येतोच. कॅथलिक धर्मसंहितेच्या कलम १२१० प्रमाणे पवित्र जागी उपासनेला पोषक तेवढेच चालते. इतर वापराला धर्माधिकारी त्या-त्या वेळेपुरती परवानगी देऊ शकतात, पण तो पावित्र्याला बाधक नसावा. चर्च कायमचे उपासनेविना राहिले, तर त्याचा लौकिक वापर करता येतो, मात्र हीन वापर नव्हे. नेदरलँड्समधील मास्त्रिख्तच्या जुन्या डॉमिनिकन चर्चमध्ये आज पुस्तकांचे दुकान आहे.

गंमत म्हणजे या दोन्ही नियमांत ‘जागा कोणाची?’ हा प्रश्नच मुख्य नाही. मुख्य प्रश्न आहे, ‘हे इथे शोभते का?’ वसईच्या विजयानंतर चर्चच्या घंटा देशावर गेल्या. त्यांतली एक मेणवलीला आहे, एक नाशिकच्या नारोशंकर मंदिरात. घंटेची जागा बदलली, धर्म बदलला. काम मात्र बदलले नाही. ती अजून देवाच्याच दारी आहे.

तेव्हा भांडण टाळायचे, तर प्रश्न आधी विचारावा, ऐनवेळी नव्हे. परवानगी कोण देणार, हे ठाऊक असावे आणि ती कागदावर असावी. धर्मग्रामात गाण्याचा कार्यक्रम ठरला, तर तो वेदीसमोर की बाजूच्या सभागृहात, हे धर्मगुरूंनी आणि गावकऱ्यांनी आमंत्रणे छापण्यापूर्वीच बसून ठरवावे. नकार द्यायचा, तर कारणासह द्यावा आणि दुसरी जागाही सुचवावी.

आणि किल्ल्यातल्या त्या आजोबांनी? ओरडण्याऐवजी मुलीला हाक मारून शिळेवरची अक्षरे दाखवावीत. ‘बाळ, इथे कोणीतरी निजले आहे,’ एवढे सांगितले, तरी ती आपणहून बाजूला होईल. छायाचित्र काय, दहा पावलांवरही तितकेच छान येते!