पाचही ओळींत केसरीवाडा!

पुण्याच्या मानाच्या पाच गणपतींची नावे एका ॲरेत आहेत, क्रमांक दुसऱ्या ॲरेत. प्रत्येकासाठी ‘नाव’ आणि ‘मान’ या किल्ल्यांचा एक हॅश मॅप करून यादीत घालायचा आहे. पुष्कळजण लूपच्या आधी एकच मॅप तयार करतात आणि प्रत्येक फेरीत तोच भरतात. मग कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग सारे गायब. पाचही ओळींत नारायण पेठेतला केसरीवाडा, मान 5! जावा किंवा पायथनमध्ये यादीत मॅपची प्रत जात नाही, त्याचा पत्ता जातो. इथे एकच पत्ता पाचदा लिहिला गेला, आणि त्या घरात शेवटी भरलेले तेवढे उरले. संगणक तक्रारही करत नाही. गुणपत्रकात असे झाले, तर साऱ्या वर्गाला शेवटच्या मुलाचे गुण! म्हणून मॅप लूपच्या आत, दर फेरीला नवा करावा.