रात्रीची पायांची तळमळ आणि शिरांचा विकार

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या कुशीत, पावसाळ्यात भाताची लावणी होते. पूर्वेच्या बागायती पट्ट्यात कांदा, ऊस आणि टोमॅटो पिकतो. चिखलात वाकून लावणी करणाऱ्या स्त्रिया, नारायणगावच्या टोमॅटो बाजारातील हमाल, वर्गात उभे राहून शिकविणारे शिक्षक या सर्वांचा दिवस पायांवरच जातो. त्यांपैकी काहींना रात्री अंथरुणावर पडताच पाय स्वस्थ बसू देत नाहीत. 'दमणूक झाली' म्हणून घरोघरी ही तक्रार सोडून दिली जाते. तथापि तिच्यामागे दोन निरनिराळे विकार असू शकतात आणि दोहोंवरील उपाय वेगळे आहेत.

नीलांचा विकार

हृदयाकडून आलेले रक्त पायांतून नीलांच्या मार्गे परत वर चढते. चालताना पोटरीचे स्नायू ते वर ढकलतात आणि नीलांतील झडपा ते खाली उतरू देत नाहीत. या झडपा निकामी झाल्या म्हणजे रक्त साचते, शिरा फुगून वेड्यावाकड्या होतात. पाय जड होणे, पोटऱ्या ठणकणे, घोट्याशी सूज येणे ही त्याची लक्षणे होत. दुर्लक्ष झाल्यास घोट्याजवळची त्वचा काळवंडते व लवकर न भरणारी जखम होते. आनुवंशिकता, वारंवारची बाळंतपणे, वाढते वय, स्थूलपणा आणि तासन् तास एका जागी उभे राहणे यांमुळे हा धोका वाढतो.

पायांची तळमळ

दुसरा विकार मज्जासंस्थेचा आहे. इंग्रज वैद्य थॉमस विलिस यांनी 1672 मध्ये त्याचे वर्णन केले, स्वीडनचे डॉ. एकबॉम यांनी 1945 मध्ये त्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. यात पाय हलविण्याची अनावर ओढ लागते. विश्रांती घेताच ती सुरू होते, संध्याकाळनंतर वाढते आणि चालल्याने तात्पुरती शमते. शरीरातील लोहाची कमतरता हे तिचे एक महत्त्वाचे कारण आहे. गरोदरपणात आणि मूत्रपिंडाच्या आजारातही ती आढळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे.

दोहोंचा संबंध

एकाच व्यक्तीस दोन्ही त्रास असू शकतात. नीलांवरील उपचारानंतर काही रुग्णांची तळमळ कमी झाल्याचे 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात दिसून आले. परंतु एवढ्यावरून प्रत्येक तळमळीचे मूळ शिरांत आहे असे मानता येणार नाही. ढोबळ खूण अशी की, पाय उंच ठेवल्याने बरे वाटत असेल तर नीलांचा, आणि केवळ उठून चालल्यानेच बरे वाटत असेल तर मज्जासंस्थेच्या विकाराचा संशय घ्यावा. खात्री मात्र डॉक्टरांकडूनच करून घ्यावी.

काय करावे?

मंचर, घोडेगाव किंवा जुन्नर येथील सरकारी रुग्णालयात प्रथम तपासून घ्यावे. हिमोग्लोबिनबरोबर लोहाचा साठा दर्शविणारी फेरिटिन तपासणी करावी काय, हे डॉक्टरांस विचारावे. हिमोग्लोबिन पुरेसे असूनही हा साठा कमी असू शकतो. नीलांसाठी डॉप्लर तपासणी उपयोगी पडते. दाब देणारे मोजे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरावेत. लोहाच्या गोळ्याही मनाने घेऊ नयेत. रात्रीचा चहा, तंबाखू व मद्य यांनी तळमळ वाढू शकते. सर्दीच्या काही गोळ्यांचाही तोच परिणाम होतो. एकाच पायास अचानक सूज येऊन तो दुखू लागल्यास रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

शिक्षकांनी तासिकांच्या मध्ये बसावे, चार पावले चालावे. लावणीच्या आणि बाजाराच्या कामात मजुरांना थोड्या थोड्या वेळाने बसण्याची सवड मिळेल, एवढी व्यवस्था मालकांनी आणि बाजार समितीने करावी. ग्रामपंचायत सदस्यांनी आशा कार्यकर्त्यांच्या साहाय्याने, ज्या स्त्रिया 'पाय झोपू देत नाहीत' असे सांगतात, त्यांना रक्ततपासणीसाठी आवर्जून पाठवावे. कष्टकऱ्याची झोप हीच त्याची उद्याची मजुरी असते. ती राखणे गावाच्या हिताचे आहे.