कोकणची प्राचीन बंदरे (लेखांक ४) : घाटवाटांनी जगवलेली बंदरे

सोपारा, कल्याण, चौल ही नावे निघाली की बोलणे लगेच रोमन जहाजांवर आणि मोसमी वाऱ्यांवर जाते. पश्चिमेकडून मागणी आली म्हणून कोकणात बंदरे उभी राहिली, असा सर्वसाधारण समज आहे. मला तो अपुरा वाटतो. जहाजांत भरला जाणारा पुष्कळसा माल देशावर तयार होई आणि सह्याद्री उतरून खाली येई. त्यामुळे घाटवाट कोणाच्या हाती आहे, यावर बंदराचे बरेवाईट ठरत असे.

आधी कालक्रम पाहू. सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना सापडला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये जवळच्याच भुईगावात मिळाला. म्हणजे इ.स.पू. तिसऱ्या शतकातच सम्राटाने आपली आज्ञा कोरून ठेवावी, इतके हे ठिकाण महत्त्वाचे होते. इजिप्त रोमच्या ताब्यात आले ते इ.स.पू. ३० मध्ये, आणि रोमन व्यापाराला खरा जोर चढला तो त्यानंतर. तेव्हा रोमन गिऱ्हाईक येण्याच्या कितीतरी आधीपासून सोपारा नांदते होते.

आता घाटमाथ्यावर जाऊ. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या तोंडाशी एक लेणे आहे. त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला मोठा प्राकृत लेख असून सातवाहन राणी नागनिकेच्या काळातले यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापणे यांचे आकडे त्यात नोंदले आहेत. याच लेण्यात राजघराण्यातील व्यक्तींचे पुतळे होते. आज त्यांची नावे आणि पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. हा लेख धार्मिक आहे, त्यात व्यापाराचे काय, असे कोणी विचारील. पण राजकुळाने आपले वैभव राजधानी पैठणपासून इतक्या दूर, एका खिंडीत का कोरावे? येणारा-जाणारा प्रत्येक तांडा तिथूनच जात होता, हेच त्याचे सरळ उत्तर आहे. घाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा होता, असे परंपरा सांगते. ती बाजूला ठेवली, तरी लेण्याची जागा पुरेशी बोलकी आहे.

सर्वांत भक्कम पुरावा इ.स.च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात आहे. कल्याण पूर्वी रीतसर बाजारपेठ होते, पण सँडनेस नावाच्या सत्ताधीशाकडे गेल्यापासून तिथल्या व्यापाराला अडथळा आला आणि तिथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे तो सांगतो. पैठणचे मौल्यवान दगड आणि तेरचे कापड गाड्यांतून बिकट वाटांनी भडोचला जाई, असेही तो नोंदवतो. भडोच ते पैठण हे अंतर त्याने वीस दिवसांचे दिले आहे. नाणेघाट उतरून कल्याण कितीतरी जवळ असताना एवढा वळसा कोण हौसेने घेईल? त्या काळी क्षत्रप नहपानाची सत्ता पसरत होती. त्याचा अमात्य अयम याचा लेख जुन्नरलाच आहे, आणि जावई उषवदाताने भडोच व सोपारा येथे धर्मशाळा बांधल्याचे, डहाणूच्या नदीवर फुकट नावा ठेवल्याचे नाशिकच्या लेण्यात कोरले आहे. घाटाचा माथा आणि किनारा दोन्ही क्षत्रपांच्या पकडीत आले, तेव्हा माल त्यांच्या भडोचकडे वळला.

यावर मोठा आक्षेप गाळाचा आहे. खाड्या भरत गेल्या म्हणून बंदरे बुडाली, असे म्हणतात. सोपाऱ्याच्या अखेरच्या अवनतीला ते लागू पडते. पण कल्याणचे काय? गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. जोगलटेंभीच्या साठ्यात नहपानाची हजारो नाणी सातकर्णीचा ठसा पुन्हा उमटवलेली मिळाली. त्यानंतर कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने दिसतात, आणि सहाव्या शतकात कॉस्मस हा प्रवासी कल्याणची गणना भारतातील मोठ्या पेठांत करतो. उल्हास नदीची खाडी तीच होती. बंदर ओस पडले आणि पुन्हा सावरले, याचा उलगडा गाळातून होत नाही. वाटांवरच्या सत्तापालटातून होतो.

परदेशी मागणीचे महत्त्व मी नाकारत नाही. तिने व्यापाराची उलाढाल वाढवली. परंतु तो माल कल्याणला लागणार की भडोचला, हे रोममध्ये ठरत नव्हते, सह्याद्रीच्या माथ्यावर ठरत होते. म्हणून कोकणच्या बंदरांचा इतिहास नाणेघाट, जुन्नर, पैठण आणि तेर यांच्यासह एकत्र लिहिला आणि शिकवला गेला पाहिजे. पुढील लेखांकात चौलकडे वळू.