मुखवट्याच्या आतली बातमी

माझ्याकडे रावणाचा एक मुखवटा आहे. काळ्या पिळदार मिशा, कपाळावर पिवळं गंध, डोळ्यांच्या जागी दोन भोकं. डाव्या गालाचा रंग ओलीनं गेलेला. बुऱ्हाणपुरात दसऱ्यानंतर तापीच्या सतियारा घाटावर बालाजींचा मेळा भरतो. तिथं आजीनं मला तो घेऊन दिला. घरात आम्ही मराठी बोलायचो, पण या वस्तूला गल्लीतल्या सगळ्या पोरांसारखं ‘मुखौटा’च म्हणायचो. तो उलटा केला की आत हिंदी वर्तमानपत्राच्या पट्ट्या दिसतात. लहानपणी तोंडावर चढवला की खळीचा आंबूस वास यायचा आणि डोळ्यांपुढे ती अक्षरं. इतक्या जवळची अक्षरं वाचता येत नाहीत, तरी मी प्रयत्न करायचो.

असा मुखवटा करायची रीत साधी आहे. मातीचा साचा, त्यावर भिजवलेल्या रद्दीचे थर, मध्ये खळ, वाळल्यावर खडूचा हात आणि शेवटी रंग. रद्दी आमच्या भागाला परकी नव्हती. खंडव्याच्या वाटेवरच्या नेपानगरात वर्तमानपत्री कागदाचा देशातला पहिला कारखाना उभा राहिला आणि 1956 साली पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. आसपासच्या जंगलातली सलई आणि बांबू तिथं लगदा होऊन जायचे. माझ्या रावणाच्या पोटातला कागद नेपाचाच आहे, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण सातपुड्यातल्या सलईचा कागद व्हावा, कागदाची बातमी, बातमीची रद्दी आणि रद्दीचा रावण व्हावा, हा प्रवास मनात आला की तो मुखवटा मला जास्तच आपला वाटतो.

जुनी राक्षसी खेळणी जमवायला लागलो तेव्हा पहिली अडचण कळली ती ही की आपल्याकडे राक्षस ठेवण्यासाठी करतच नाहीत. रावण दसऱ्याला जाळायचा. नरकचतुर्दशीला दाराशी कारीट पायाच्या अंगठ्यानं फोडायचं. तो नरकासुर, एका क्षणाचा. गोव्यात पोरं रात्र रात्र जागून बांबू, गवत आणि कागदाचे घराएवढे नरकासुर उभे करतात आणि उजाडायच्या आत पेटवतात. मेळ्यातल्या मुखवट्याला आग लागत नसे, पण नाकाशी तो दोन दिवसांत भिजायचा, रबर तुटायचं आणि दिवाळीच्या साफसफाईत तो बंबात जायचा. माझा वाचला, कारण आजीनं तो धान्याच्या कोठीमागे टाकला आणि विसरली.

याला मोठा अपवाद जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्याचा, म्हणजे मुखवटे घालून नाचायच्या उत्सवाचा. तिथं सोंगं घराण्यांकडे वंशपरंपरेनं चालत येतात. रावण असो की म्हसोबा, ज्याचं सोंग त्यानंच ते नाचवायचं. संबळ-पिपाणीवर रात्रभर नाचलेला मुखवटा सकाळी कपड्यात गुंडाळून परत माळ्यावर जातो. मुखवटा जपायचा म्हणजे काय, हे मला तिथं समजलं. नुसता ठेवलेला मुखवटा मरतो. वर्षातून एकदा तो कुणाच्या तरी तोंडावर चढावा लागतो.

आमच्या पिढीचे राक्षस मात्र बाजारातून आणि पडद्यावरून आले. 25 जानेवारी 1987 ला दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं आणि अरविंद त्रिवेदींच्या रावणाचं हसणं गल्लीगल्लीत घुमलं. त्याआधी ‘विक्रम और बेताल’ येऊन गेलं होतं. घरी येणाऱ्या ‘चांदोबा’त शंकर यांनी काढलेला वेताळ होता. विक्रमाच्या खांद्यावरचं ते प्रेत, मागचं स्मशान, हातातली उपसलेली तलवार. ते चित्र मी आजही डोळे मिटून पाहू शकतो. भाड्यानं मिळणाऱ्या हिंदी कॉमिक्सांत प्राण यांचा राका होता, चक्रमाचार्यांचं औषध पिऊन अमर झालेला. चाचा चौधरी त्याला हरवायचे, पण मारता येत नसे. तो परत येणार, एवढं नक्की. मग हीमॅन आला. भारतात लिओ कंपनीनं काढलेला त्याचा शत्रू, कवटीच्या तोंडाचा स्केलेटर, आज परदेशी संग्राहक शोधत फिरतात, कारण इथल्या साच्यांतून निघालेल्या बाहुल्यांचे रंग जरा वेगळे असत. आमच्या शाळेत तो एकाच मुलाकडे होता. मधल्या सुट्टीत आम्ही त्याच्याभोवती नुसते उभे राहायचो.

या सगळ्यांचा पूर्वज मला पुस्तकात सापडला आणि तो थेट आमच्या गावाशी जोडलेला निघाला. ‘आईन-ए-अकबरी’त अबुल फजलनं अकबराच्या गंजिफाच्या पत्त्यांचं वर्णन केलं आहे. बारा रंग, प्रत्येक रंगाची बारा पानं, एकूण 144. अश्वपती, गजपती, नरपती असे राजे मांडत तो दहाव्या रंगावर येतो. तो असुरपतीचा. राजाच्या पानावर सिंहासनावर बसलेला सुलेमान, वजीर घोड्यावर आणि उरलेल्या दहा पानांवर जिन्न. बाराव्या रंगाचा राजा अजगरावर स्वार झालेला सर्प. बादशहाच्या हातात पंख्यासारखी धरलेली भुतं! हे लिहिणारा अबुल फजल पुढे दख्खनच्या मोहिमेवर आला. अकबर बुऱ्हाणपुरात होता आणि जानेवारी 1601 मध्ये असिरगड पडला, त्या वेढ्यात तोही होता. तो डाव त्यांनी आमच्या गावात मांडला की नाही, याचा पुरावा नाही. तरी शाही किल्ल्याच्या पडक्या गच्चीवरून तापीकडे बघताना ती दहा पानं माझ्या मनात उलटत राहतात.

गंजिफाची ही परंपरा मराठी मुलखात सावंतवाडीनं टिकवली. तिथल्या दशावतारी संचात दहा रंगांची 120 पानं. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी म्हाताऱ्या कारागिराकडून ही कला पुन्हा शिकून घेतली, म्हणून आज आपण नृसिंहाचं गोल पान हातात धरू शकतो. माझ्या संग्रहात तो एक संच आहे. पाहुणे आले की तोच आधी मागतात.

आणि एक राक्षस असा, ज्याचं खेळणं कुणी केलंच नाही. असिरगड आमच्यापासून वीसेक किलोमीटर. तिथल्या महादेवाला पहाटे अश्वत्थामा फूल वाहून जातो, कपाळाची जखम भरत नाही म्हणून तो तेल-हळद मागतो, हे आजी सांगायची. रात्री दार वाजलं की आम्हाला धडकी भरायची. तसा कुंडी भंडाराही होता. जहांगीरच्या काळात 1615 साली बांधलेली ती भूमिगत पाण्याची वाट, पण लोक ‘खूनी भंडारा’ म्हणायचे आणि त्या नावानंच आम्ही तिथल्या विहिरीत डोकावायचो नाही. अश्वत्थाम्याचा मुखवटा मेळ्यात कधी दिसला नाही. रावण मेलेला आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. अश्वत्थामा अजून मेलेला नाही. म्हणूनच बहुधा त्याला कुणी विकायला मांडत नसावं.

मागच्या मेळ्यात भाच्याला घेऊन गेलो होतो. कागदी मुखवटे शोधत शेवटच्या दुकानापर्यंत गेलो. सगळे प्लास्टिकचे, चकचकीत, शिंगांवर लाल दिवे लागणारे. त्यानं एक निवडला, तिथंच तोंडावर चढवला आणि दिवे लावून दोन पोरांना पळवलंही. घरी आल्यावर मी कोठीमागचा माझा रावण काढून दाखवला. त्यानं तो उलटा केला, पट्ट्यांवर बोट फिरवत अक्षरं लावली: ‘कपास’, ‘मंडी’, मग फाटलेलं. नंतर आपला नवा मुखवटा उलटा करून बराच वेळ आत बघत राहिला.

“मामा,” तो म्हणाला, “याच्या आत काहीच लिहिलेलं नाही.”