अर्धविरामाचें मोल

इंग्रजी लिहिणाऱ्या सुशिक्षितांचा स्वल्पविराम व पूर्णविराम यांच्याशीं नित्याचा परिचय असतो; वर टिंब आणि खालीं स्वल्पविराम असा जो अर्धविराम, तो मात्र पुष्कळांच्या लेखणींतून वर्षानुवर्षें उतरत नाहीं. व्हेनिसचा मुद्रक आल्डुस मनुत्सिओ यानें पंधराव्या शतकाच्या अखेरीस तो छापला. मराठींत तो एकोणिसाव्या शतकांत, मेजर कँडी यांच्या खटपटीनें, इंग्रजींतूनच आला.

दोन वाक्यें आपापल्या जागीं पूर्ण, पण अर्थानें एकमेकांना चिकटलेलीं असलीं, कीं त्यांच्यामध्यें अर्धविराम शोभतो. ‘पाऊस आला, खेळ थांबला’ या धर्तीच्या वाक्यांत नुसता स्वल्पविराम देणें इंग्रजींत चूक मानतात, पूर्णविराम दिला तर कार्यकारणाचा धागा तुटतो. दुसरें वाक्य ‘हाउएव्हर’ किंवा ‘देअरफोर’ या शब्दानें सुरू होत असेल, तर त्या शब्दापूर्वीं अर्धविराम आणि नंतर स्वल्पविराम. चांगले चांगले लेखक ठेंचाळतात ते येथेंच.

दुसरी जागा यादीची. ‘लंडन, इंग्लंड, रोम, इटली, अथेन्स, ग्रीस’ येथें अर्धविराम काढले, तर तीन शहरांचीं सहा स्थळें होतात.

यादींतील विरामाकडे दुर्लक्ष झाल्यास काय प्रसंग ओढवतो, हें अमेरिकेच्या मेन राज्यांत दिसून आलें. तेथें आठवड्याला ४० तासांवरील कामास दीडपट मजुरी मिळते. मात्र नाशवंत खाद्यमाल डबाबंद करणें, गोठविणें, साठविणें इत्यादि कामें कायद्यानें वगळलीं होतीं. यादीच्या शेवटीं रवानगीसाठीं बांधणी आणि वितरण यांचा उल्लेख होता, पण त्यांना जोडणाऱ्या ‘किंवा’पूर्वीं स्वल्पविराम नव्हता. मग वितरण हें निराळें काम, कीं रवानगीसाठीं अथवा वितरणासाठीं बांधणी असें एकच? दूध पोंचविणारे मोटारचालक माल बांधीत नसत. दुसरा अर्थ घेतला तर ते दीडपट मजुरीला पात्र ठरत. २०१७ च्या मार्चमध्यें फेडरल अपील कोर्टानें तो मजकूर संदिग्ध ठरवून चालकांच्या बाजूनें कौल दिला, आणि २०१८ सालीं ५० लक्ष डॉलरांवर तडजोड झाली.

कोर्टाच्या कौलानंतर, तडजोडीपूर्वींच, विधिमंडळानें कायदा दुरुस्त केला होता. वास्तविक एका स्वल्पविरामानें काम भागलें असतें. पण दुधाच्या खटल्यांत तोंड पोळलेलें विधिमंडळ ताकहि फुंकून प्यालें. त्यानें यादींतील प्रत्येक कामापुढें अर्धविराम घातला, आणि ‘वितरण’ या शब्दाचें रूपहि बदलून तें इतर कामांच्या रांगेंत बसविलें.